तुरुंगावरचं पुस्तक: आधी अनुभव की आकडे?

तुरुंगाविषयी पहिल्यांदाच वाचणार असाल, तर आधी अनुभवकथन घ्या. फक्त प्रस्तावनेत एक गोष्ट बघून घ्या: लिहिणारा कच्चा कैदी (खटल्याचा निकाल लागायचा असलेला) होता, शिक्षा झालेला होता की राजबंदी? पुढचं पानन्‌पान त्यावर ठरतं.

'माझी जन्मठेप'च घ्या. सावरकर १९११ ते १९२१ अंदमानात होते. कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला जुंपून रोज तीस पौंड तेल काढायचं, वर कैद्यांमधूनच नेमलेले वॉर्डर आणि पेटी ऑफिसर. ही उतरंड आत राहिलेला माणूसच सांगू शकतो, ती कुठल्या तक्त्यात सापडत नाही. पण हा राजबंदीचा अनुभव. किरकोळ चोरीत अडकलेल्या, जामीनदार न मिळालेल्या माणसाचं आयुष्य त्यावरून ताडायला गेलात, तर फसाल. आणि आज तुरुंगात गर्दी आहे ती कच्च्या कैद्यांची. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) अहवालानुसार २०२२ अखेर देशात ५,७३,२२० कैदी होते, जागा ४,३६,२६६ जणांची. कच्चे कैदी ४,३४,३०२, म्हणजे चारांतले तीन.

म्हणून दुसरं पुस्तक विश्लेषणाचं हवंच. इथे मात्र आकडे कसे मोजलेत हे समजून न घेता वाचणं धोक्याचं. वरची मोजणी ३१ डिसेंबर या एकाच दिवसाची आहे. मार्चमध्ये आत गेलेला आणि मे महिन्यात जामिनावर सुटलेला माणूस तिच्यात येतच नाही. दहा वर्षं आत असलेला मात्र दरवर्षी येतो. एनसीआरबीच्याच गुन्ह्यांवरच्या वेगळ्या अहवालात आणखी एक मेख आहे. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली, तरी मोजला जातो तो सर्वांत गंभीर गुन्हा. बलात्कार करून खून झाला असेल, तर नोंद फक्त खुनाखाली. गुन्हे वाढले की घटले हे सांगणारं पुस्तक या नियमाचा उल्लेखही करत नसेल, तर ते खुशाल परत ठेवा.

आवृत्तीचं सालही बघा. कच्च्या कैद्याच्या सुटकेसाठी जुन्या पुस्तकांत फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३६-अ सापडेल: कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की जामीन. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आहे. पूर्वी कधी शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळ पुरतो, पण एकाहून जास्त खटले चालू असतील तर या कलमाखाली जामीन मिळत नाही. ज्यांचा माणूस आत आहे, त्यांनी जुन्या आवृत्तीवर विसंबू नये.