पिवळा त्रिकोण आणि हार्डवेअर आयडी

लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकलं आणि वाय-फायचं चिन्हच गायब. डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळे त्रिकोण लागलेली नावं: नेटवर्क कंट्रोलर, एसएम बस कंट्रोलर. प्रॉपर्टीजमध्ये कोड २८, म्हणजे ड्रायव्हर (उपकरण कसं चालवायचं हे विंडोजला सांगणारं सॉफ्टवेअर) बसलेलाच नाही. मला उलट हायसं वाटलं. वाय-फाय कार्ड विंडोजला दिसत होतं, फक्त त्याच्याशी बोलायचं कसं हे माहीत नव्हतं.

अशा वेळी ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारी सॉफ्टवेअर समोर येतात. त्यांच्या वाटेला कुणी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. भलताच ड्रायव्हर बसतो, सोबत नको ते प्रोग्रॅमही येतात. उपकरण स्वतःची ओळख सांगत असताना अंदाज कशाला बांधायचा?

ती ओळख डिटेल्स टॅबमध्ये असते. तिथल्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडलं. लांबलचक ओळीत व्हीईएनपुढे १०ईसी आणि डीईव्हीपुढे सी८२१ होतं. पहिला क्रमांक चिप बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या चिपचा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, आणि सी८२१ ही त्यांची ८८२१सीई वाय-फाय चिप. (इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, १९७८च्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच! मला हे फार आवडतं.) यूएसबी उपकरण असेल तर व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) आणि पीआयडी (उपकरणाचा क्रमांक) बघायचे.

फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केलं, नेट आलं. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मॉडेल टाकून ड्रायव्हरची झिप उतरवली. आत सेटअप नव्हताच. नुसत्या आयएनएफ, सीएटी आणि एसवायएस फाइल्स. ड्रायव्हर कोणत्या उपकरणांसाठी आहे हे आयएनएफ फाइलमध्ये लिहिलेलं असतं; ती नोटपॅडमध्ये उघडून सी८२१ शोधलं. तोच क्रमांक त्यात सापडला, म्हणजे ड्रायव्हर याच चिपचा. मग अपडेट ड्रायव्हर, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, ते फोल्डर, सबफोल्डरवर टिक. त्रिकोण गेला, त्या जागी चिपचं पूर्ण नाव आलं आणि आजूबाजूची नेटवर्क दिसू लागली.

एसएम बसचा प्रश्न चिपसेट (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्स) ड्रायव्हर टाकल्यावर मिटला.

मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून पीएनपीयुटिल या विंडोजमधल्याच ड्रायव्हर हाताळणाऱ्या साधनाच्या एक्सपोर्ट-ड्रायव्हर कमांडने बसवलेले सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून घेतले. पुन्हा विंडोज टाकायची वेळ आली, तर वाय-फायसाठी नेट शोधावं लागणार नाही.