कणीवाल्यांकडे

आईला अमेरिकेत येऊन तीन आठवडे झाले होते आणि इथल्या बाहेरच्या खाण्याबद्दल तिचं मत पक्कं झालं होतं : ताट मोठं, चव काही नाही. त्यामुळे सॅन होजेतल्या आमच्या नेहमीच्या व्हिएतनामी खानावळीत तिला नेताना मी जरा धास्तावलेच होते. खानावळ हा शब्द मुद्दाम वापरतेय. सात-आठ टेबलं, प्रत्येकावर चमचे-चॉपस्टिक्सचा डबा, हिरव्या झाकणाची लाल सॉसची बाटली, आणि आत कुणीतरी सतत काहीतरी ठेचत असतं. मेनूत दीडशेच्या वर पदार्थ, प्रत्येकाला नंबर. लोक पदार्थाचं नाव घेत नाहीत, नंबर सांगतात.

भिंतीवर पिवळ्या रंगावर तीन लाल पट्ट्यांचा झेंडा. हा आजच्या व्हिएतनामचा नव्हे. ३० एप्रिल १९७५ ला राजधानी सायगॉन पडलं आणि हा झेंडा ज्या दक्षिण व्हिएतनामचा होता तो देशच नकाशावरून गेला. माणसं मात्र बोटींतून, छावण्यांतून कुठे कुठे जाऊन पोचली. एकट्या सॅन होजेत आज लाखाहून जास्त व्हिएतनामी राहतात. झेंड्याखाली रोज एक पान फाडायचं कॅलेंडर, आणि त्यावर इंग्रजी तारखेबरोबर चांद्र तिथीही. आईने ते जवळ जाऊन पाहिलं आणि ती जरा सैलावली. जिथे तिथी पाहतात तिथलं अन्न पोटाला बाधत नाही, असा तिचा एकूण हिशेब असावा.

मालकीणबाई साठीच्या पुढच्या. सगळे त्यांना 'को' म्हणतात, म्हणजे आत्या. त्यांच्या भाषेत नुसतं मी-तू करून भागत नाही. समोरचा माणूस आत्या, काका, थोरला भाऊ की लेकरू, हे आधी ठरवायचं आणि मग तोंड उघडायचं. हे आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग बरोबरच आहे की." मला याचं नवल वाटेनासं व्हायला दोन वर्षं लागली होती, तिला दोन सेकंदंही नाही.

आधी आलं 'कान चुआ'. शब्दशः आंबट सार. मोठ्या वाडग्यात चिंचेचं पाणी, टोमॅटो, अननस, मुगाचे लांब मोड, भेंडी, माशाचे तुकडे, वरून तळलेला लसूण. आईने चमचाभर घेतलं, काहीतरी चावलं आणि थांबली. चमच्यात दुसरा तुकडा उचलून उजेडात धरला. फिकट हिरवा, आतून स्पंजासारखा जाळीदार, आणि प्रत्येक छिद्रात आंबट रस भरलेला.

"अगं, ही तर अळूची देठी!"

होतीच. अगदी आपल्या परसातली नाही, पण तिच्याच भाऊबंदांपैकी. दक्षिण व्हिएतनाममध्ये हिच्याशिवाय या साराला सार म्हणत नाहीत. आईचा पुढचा प्रश्न अर्थातच : "खाजत नाही ना?" मी म्हटलं, चिंच आहे त्यात. त्यावर तिने जी मान डोलावली, ती मी काही पहिल्यांदा पाहत नव्हते. आमच्याकडे श्रावणात अळूचं फदफदं जमलं की ती अशीच डोलते.

मग तिची थाळी आली. 'कम ताम'. वर भाजलेलं चिकन, तळलेलं अंडं, कांद्याची पात गरम तेलात परतून ते तेल भातावर सोडलेलं, बाजूला गाजर-मुळ्याचं आंबटगोड लोणचं आणि वाटीत माशाच्या सॉसचं पातळ, गोडसर पाणी. ते भातावर चमच्याने घालायचं. आणि चमचा-काट्यानेच खायचं, चॉपस्टिक्सची भानगड नाही. आईने खाली वाकून भात पाहिला.

"ही कणी आहे."

"हो. कम म्हणजे भात, ताम म्हणजे कणी."

"किती म्हणालीस?"

"चौदा डॉलर."

तिने मनात गुणाकार केला, ओठ हलताना दिसले, आणि सुपातून कण्या पाखडताना करायची तशी तोंडाची हालचाल केली. तिच्या लहानपणी कुडाळला भात कांडला की अख्खा तांदूळ पाहुण्यांना, कणी घरच्यांच्या पेजेला, उरलीसुरली कोंबड्यांना. दक्षिण व्हिएतनाममधल्या मेकाँग नदीच्या मुखाकडच्या शेतकऱ्यांचंही तेच : चांगला तांदूळ बाजारात विकायचा, गिरणीत मोडलेला आपण खायचा. पुढे हीच कणी सायगॉनच्या फुटपाथवर मजुरांची न्याहारी झाली, आणि मग शहराची शान. विदुराघरच्या कण्यांना निदान श्रीकृष्ण तरी लागला. यांना कोळशावरच्या मांसाचा वास पुरला.

तिने पहिला घास घेतला. कणीचं एक बरं असतं, रस दाण्याच्या बाहेर राहत नाही. लांब दाण्याच्या भातावर सॉस निथळून खाली जातो, कणीत तो मुरतो. आई काही बोलली नाही. बशी मात्र कडेकडेने पुसत गेली, आणि लोणच्याचं पाणीसुद्धा तिने वाया घालवलं नाही. को टेबलापाशी आल्या, रिकामी बशी पाहून हसल्या, आईच्या खांद्यावर थोपटून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. आईने मालवणीत उत्तर दिलं. दोघींचं पटलं.

रात्री तिने मावशीला फोन लावला. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत ऐकत होते. खानावळ सांगून झाली, कॅलेंडर सांगून झालं, आत्याबाई सांगून झाल्या. भाव तिने शिताफीने गाळला.

"पण खाल्लंस काय गो?" मावशीचा आवाज स्पीकरवर घुमला.

"कणीचा भात. नि अळूच्या देठीचं सार."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"म्हणजे त्यासाठी अमेरिकेक गेलंस?"

शनिवारी सकाळी आई आंघोळ करून, साडी बदलून तयार बसली होती. "आज कणीवाल्यांकडे जायचं ना?"