रेझिन नेमकं कुठे जाऊन बसतं?

लेबलचा हॉट मेल्ट (वितळवून लावायचा) डिंक म्हणजे रबर आणि त्याला चिकटपणा देणारं रेझिन. कधी कधी तो भांड्यात काचेसारखा स्वच्छ असतो आणि थंड होताच दुधाळ होतो. रेझिनचं रबराशी जमलेलं नाही, म्हणजे ते त्यात विरघळलेलं नाही, हे ओळखायची याहून स्वस्त चाचणी नाही. मात्र थंड थर स्वच्छ दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. वेगळे पडलेले कण फार बारीक असले किंवा दोघांचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं प्रमाण) सारखा असला, तरी थर पारदर्शकच दिसतो.

एसआयएस (स्टायरिन-आयसोप्रीन-स्टायरिन) या रबराचं उदाहरण घेऊ. साखळीच्या मधे आयसोप्रीन, दोन्ही टोकांना स्टायरिन. टेप-लेबलच्या नेहमीच्या ग्रेडमध्ये स्टायरिन 15 टक्क्यांच्या आसपास. आयसोप्रीनचा टीजी (ज्या तापमानाखाली पदार्थ काचेसारखा कडक होतो) सुमारे उणे 60 अंश, स्टायरिनचा 90 ते 100. त्यामुळे स्टायरिनच्या गाठी कडक राहतात आणि मऊ रबराला धरून ठेवतात. म्हणजे जमायचं कुणाशी, मधल्या भागाशी की टोकांशी, हे आधी ठरवावं लागतं.

सी-5 रेझिन (पाच कार्बनच्या पेट्रोलियम घटकांपासूनचं) मधल्या भागात विरघळतं. टीजी वर सरकतो, पण खोलीच्या तापमानाला मॉड्युलस (कडकपणा) खाली येतो. तो साधारण 3 लाख पास्कलच्या खाली असला तरच डिंक हलक्या दाबाने पृष्ठभाग ओला करतो. ॲरोमॅटिक (स्टायरिनसारखी बेंझिन वलयं असलेलं) तेल किंवा कमी सॉफ्टनिंग पॉइंटचं, म्हणजे कमी तापमानाला मऊ होणारं, ॲरोमॅटिक रेझिन टाकलं तर ते गाठींमध्ये शिरतं आणि त्याच सैल करतं. पहिल्या दिवशी टॅक (हात लावताच जाणवणारा चिकटपणा) झकास लागतो. उन्हात उभ्या ट्रकमध्ये लेबल घसरतं आणि रोलच्या कडांना डिंक पाझरतो. बहुतेक लोक मग रेझिन वाढवत बसतात. बदलायचं असतं तेल.

सुरुवातीला हे प्रमाण धरा: एसआयएस 100 भाग, 95–100 अंश सॉफ्टनिंग पॉइंटचं सी-5 रेझिन 110, नॅफ्थेनिक (ॲरोमॅटिक अंश कमी असलेलं) तेल 25, अँटिऑक्सिडंट 1. सिग्मा मिक्सरमध्ये (घट्ट लगदा मळणारं यंत्र) 160–170 अंशांवर आधी पॉलिमर, अँटिऑक्सिडंट आणि थोडं रेझिन. गुठळ्या मोडल्यावरच उरलेलं रेझिन, शेवटी तेल. सगळं एकदम ओतलं तर पातळ रसात गुठळ्या नुसत्या पोहतात, घासल्याच जात नाहीत. मग त्या ठिपक्यांना 'जमत नाही' म्हणून दोष दिला जातो.

स्वस्त पडतं म्हणून एसआयएसच्या जागी तेवढंच एसबीएस (मधे आयसोप्रीनऐवजी ब्युटाडाइन) टाकू नका. ब्युटाडाइनला साधं सी-5 तितकं मानवत नाही. रोझिन एस्टर (पाइनच्या राळेपासूनचं रेझिन) किंवा ॲरोमॅटिक-सुधारित सी-5 लागतं. ॲक्रिलिक डिंकातही रोझिन एस्टर चालतं, साधं सी-5 धुरकट होतं.

डीएमए (तापमानाबरोबर कडकपणा कसा बदलतो ते मोजणारं यंत्र) असेल तर वाद लगेच मिटतो. टॅन डेल्टाच्या (ऊर्जा किती वाया जाते त्याच्या) आलेखात रबराचं शिखर एकच राहून उजवीकडे, जास्त तापमानाकडे, सरकलं आणि मॉड्युलसचं पठार (आलेखाचा सपाट भाग) खाली आलं, तर जमलं. शिखर जागचं हललं नाही आणि पठार उलट वर गेलं, तर रेझिन फिलरसारखं पडून आहे. डिंक कडक, टॅक नाही.

डीएमए नसेल तर लेपित नमुना 70 अंशांवर आठवडाभर ठेवा. कागदावर तेलाची कड उमटली का ते पाहा, लूप टॅक (पट्टीचा फास टेकवून मोजलेला चिकटपणा) आणि उष्णतेतला शिअर (वजन लटकवल्यावर घसरण्याला होणारा विरोध) पुन्हा मोजा. लेबल मऊ पीव्हीसीवर लागणार असेल तर ही चाचणी त्याच फिल्मवर करा, कारण तिच्यातला प्लॅस्टिसायझर डिंकात उतरतो आणि तुमच्या सूत्रात नसलेला एक घटक वाढतो.