भाड्याची पॉवर बँक उघडून पाहिली : दुसरा फोन लावला की वेग का पडतो?

कॅबिनेटमधून, म्हणजे पॉवर बँका खाचांत ठेवून चार्ज करणाऱ्या यंत्रातून, भाड्याने मिळणाऱ्या पॉवर बँकेला तीन केबल असतात. एक केबल फोनला लावली की स्क्रीनवर ‘फास्ट चार्जिंग’ येतं. तेवढ्यात दुसऱ्या कुणी आपला फोन दुसऱ्या केबलला लावला की पहिल्या फोनवरचं ते ‘फास्ट’ जातं आणि दोन्ही फोन रडतखडत चार्ज होत राहतात. वेग निम्मा झाला असता तर समजण्यासारखं होतं, पण इथे तो त्याहून खाली येतो. याचं कारण शोधायचं असं मी ठरवलं आणि त्यासाठी पॉवर बँक आतून बघायला हवी होती.

आधी बाहेरून जेवढं कळेल तेवढं घेतलं. रीतसर भाड्याने एक पॉवर बँक घेतली आणि तिची टाइप-सी केबल व माझा फोन यांच्यामध्ये छोटा यूएसबी मीटर लावला. सुरुवातीला मीटरवर ५ व्होल्ट दिसले. क्षणभरात आकडा ९ वर गेला आणि करंट १.९ अँपिअरच्या आसपास स्थिरावला, म्हणजे साधारण १७ वॅट. फोन आणि पॉवर बँक यांच्यात बोलणी होतात ती याच क्षणात. टाइप-सीमध्ये त्यासाठी सीसी नावाची वेगळी तार असते. पॉवर बँक आपल्याकडे कोणकोणते व्होल्टेज आहेत ते सांगते, फोन त्यातलं एक मागतो, आणि मगच व्होल्टेज वाढतं. मायक्रो यूएसबीमध्ये ही तार नसते. तिथे क्विक चार्जसारख्या पद्धती डेटाच्या दोन तारांवर ठरावीक व्होल्टेज ठेवून तेच काम करतात. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे : कुणी मागितल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जायचं नाही.

मग दुसऱ्या केबलला जुना फोन लावला. मीटरवरचे ९ व्होल्ट लगेच ५ वर आले. तो फोन काढल्यावर पुन्हा ९. म्हणजे ही गडबड नव्हती, कुणीतरी विचारपूर्वक तसं ठेवलं होतं. पॉवर बँक परत केली आणि उघडता येईल अशी एक शोधायला लागले.

कॅबिनेट चालवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे सेवेतून काढलेल्या पॉवर बँका पडून होत्या. केबल मुळाशी तुटलेली एक त्यांनी मला दिली. घ्यायच्या आधी मी ती सपाट टेबलावर ठेवून चारी बाजूंनी पाहिली. जराही फुगलेली असती तर घेतलीच नसती. फुगलेला सेल उघडायला जाऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगते. आतला सेल एकदा भोसकला गेला की आग लागायला वेळ लागत नाही आणि ती विझवणं घरातल्या साधनांनी जमत नाही.

खरं तर असं काही उघडण्याआधी बॅटरी रिकामी करायची असते. इथे ते शक्यच नव्हतं, कारण या पॉवर बँकेला बटण नाही, आणि कॅबिनेटने परवानगी दिल्याशिवाय तिच्या केबलमधून वीज बाहेर येत नाही. चार्ज करायला वेगळं सॉकेटही नाही. शेपटाकडे सोनेरी मुलामा दिलेल्या पाच पट्ट्या आहेत, चार्ज होणं आणि कॅबिनेटशी बोलणं तिथूनच. त्यामुळे सेल भरलेला आहे असं धरूनच काम केलं : मोकळी हवा, शेजारी वाळूची बादली, हातात धातूचं काही नाही.

बाहेर एकही स्क्रू नव्हता. प्लास्टिकचे दोन भाग अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने, म्हणजे अतिवेगवान कंपनांनी कड वितळवून, एकजीव केलेले असतात, त्यामुळे चाकू घालून ते सुटत नाहीत आणि घालूही नये. कोपरा शिकंज्यात हलकेच दाबत, फिरवून दुसरा कोपरा दाबत गेलं की सांधा कट्कन बोलतो. तो आवाज आल्यावर प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवत पूर्ण कड मोकळी केली.

आत जागेचा मोठा वाटा एका चंदेरी पाउच सेलने, म्हणजे मऊ पाकिटातल्या चपट्या बॅटरीने, घेतला होता. त्यावर ३.७ व्होल्ट, ५००० एमएएच, १८.५ वॅट-तास असं छापलेलं. सेलच्या पाठीशी मऊ फोमची पट्टी होती आणि फोम व कवच यांच्यात थोडी मोकळी जागा सोडलेली. ही जागा वाया गेलेली नाही. वयानुसार पाउच सेल किंचित जाडावतोच. घरच्या पॉवर बँकेत त्याने फार तर कवच फुगेल, पण इथे कवच एखाद्या मिलिमीटरने फुगलं तरी पॉवर बँक कॅबिनेटच्या खाचेत अडकून बसेल आणि ती खाचच निकामी होईल. सामायिक वापरामुळे रचना कशी बदलते याचा हा मला दिसलेला पहिला पुरावा होता.

सेलच्या पोटावर पिवळसर टेपखाली तांदळाच्या दाण्याएवढा तापमान सेन्सर चिकटवला होता. बऱ्याच स्वस्त पॉवर बँकांत तो सर्किट बोर्डवरच असतो आणि सेलऐवजी बोर्डाचंच तापमान मोजत बसतो. इथे तो जिथे असायला हवा तिथे होता, हे पाहून बरं वाटलं. लिथियम-आयन सेल शून्य अंशाखाली चार्ज करू नये आणि साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्जिंग थांबवावं, असे या सेलचे नियम असतात. कॅबिनेटच्या बंद खाचेत शेजारीपाजारी अनेक पॉवर बँका एकाच वेळी चार्ज होत असताना हा दाणा फार मोलाचा.

सेलचं व्होल्टेज ३.६८ भरलं. निकेलची एक पट्टी सोल्डर वितळवून सोडवली, तिला लगेच टेप गुंडाळली, आणि मगच दुसरीला हात लावला. दोन्ही पट्ट्या एका वेळी कात्रीत येता कामा नयेत, कात्रीच शॉर्ट सर्किट घडवते. सेल दुहेरी टेपने चिकटवलेला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब कडेने सोडून, वाट पाहून, प्लास्टिकच्या कार्डाने तो न वाकवता सुटा केला. अख्ख्या प्रक्रियेत सगळ्यात जास्त धीर याच पायरीला लागला.

आता बोर्ड. मधोमध करड्या रंगाची चौकोनी कॉइल, तिच्या शेजारी मुख्य पॉवर चिप, आणि अवतीभोवती कपॅसिटर. सेलचे ३.७ व्होल्ट ९ करण्याचं काम या जोडीचं. चिप आधी कॉइलचं एक टोक ग्राउंडला जोडते आणि कॉइलमध्ये करंट चढू देते, मग ती वाट तोडून साठलेली ऊर्जा आउटपुटकडे वळवते. सेकंदाला लाखो वेळा हे चालतं. हिशोब केला तर ९ व्होल्टसाठी प्रत्येक फेरीतला सुमारे ५९ टक्के वेळ साठवण्यात जातो, ५ व्होल्टसाठी २६ टक्केच.

पण मला जे खरं उमगलं ते याच्या अलीकडच्या बाजूला, सेल आणि कॉइलच्या मधल्या वाटेवर. फोनकडे ९ व्होल्टने २ अँपिअर जातात, म्हणजे १८ वॅट. वाटेत दहा टक्के वाया जातात असं धरलं तर सेलमधून २० वॅट निघायला हवेत, आणि ३.७ व्होल्टला ते म्हणजे जवळजवळ साडेपाच अँपिअर. फोनची केबल बारीक असली तरी चालते, कारण तिच्यातून दोनच अँपिअर जातात. सेलच्या बाजूला मात्र निकेलची पट्टी रुंद, तांब्याचा पट्टा बोर्डाच्या दोन्ही अंगांना पसरलेला आणि त्यावर सोल्डरचा जादा थर. या वाटेचा एकूण रोध २० मिलिओहम जरी असला तरी साडेपाच अँपिअरला अर्ध्या वॅटहून जास्त उष्णता होते, आणि ती सेलला लागूनच. करंट दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. फास्ट चार्जिंगचं नाव घेतलं की सगळे चिपबद्दल बोलतात, पण अशी चिप आज सहज मिळते. चांगली आणि वाईट पॉवर बँक यांतला फरक या जाड तांब्यात आहे असं माझं ठाम मत झालं.

त्याच वाटेवर ‘आर००५’ असं छापलेला रेझिस्टर होता, म्हणजे ५ मिलिओहम. पाच अँपिअरला त्याच्या दोन टोकांत फक्त २५ मिलिव्होल्ट पडतात, आणि चिप तेवढ्यावरून करंट ओळखते. बाजूला सहा पायांची वेगळी संरक्षक चिप आणि तिचे मॉसफेट, म्हणजे करंटची वाट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, होते. मुख्य चिप बिघडली तरी सेल मर्यादेबाहेर चार्ज झाला, फार उतरला किंवा शॉर्ट झाला तर ही स्वतःहून वाट तोडते. संरक्षणाचे हे दोन थर एकमेकांवर अवलंबून नसणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

शेपटाच्या पट्ट्यांजवळ एक छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला चिमुकला संगणक, होता. पाच पट्ट्यांतल्या दोन रुंद पट्ट्या विजेच्या, अरुंद पट्ट्यांचे धागे थेट या मायक्रोकंट्रोलरकडे जातात. ओळख क्रमांक, चार्ज किती, तापमान किती हे तो कॅबिनेटला कळवतो, आणि आउटपुट चालू करण्याचा हुकूमही त्यालाच मिळतो.

राहिला मूळ प्रश्न. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे दोन बिंदू जोडलेले आहेत का ते सांगणाऱ्या सेटिंगवर, ठेवून कॉइलपासून पुढे निघाले. कॉइलनंतर एकच आउटपुट पट्टा. त्यातून तीन फाटे, प्रत्येक फाट्यावर एक मॉसफेट, आणि पलीकडे एकेक केबल. उत्तर हातात आलं : व्होल्टेज बनवणारी कॉइल एकच असल्याने तिन्ही केबलना एका वेळी एकच व्होल्टेज मिळू शकतं. पहिल्या फोनने ९ मागितले असतील आणि दुसऱ्याने काहीच मागितलं नसेल, तर दोघांना चालेल असं व्होल्टेज ५च उरतं. नाहीतर ५ व्होल्टवाल्या फोनला न मागता ९ व्होल्ट बसतील. म्हणून दुसरा फोन जाणवताच बोर्ड सगळ्यांना ५ व्होल्टवर आणतो. हे टाळायचं तर प्रत्येक केबलला स्वतंत्र कॉइल आणि चिप द्यावी लागेल. जागा वाढेल, उष्णता वाढेल, आणि सेलवरचा भार साडेपाच अँपिअरच्याही पुढे जाईल. एकाच सेलवर ते झेपणारं नाही. आतून पाहिल्यावर हा निर्णय मला पटला.

जे पटलं नाही ते केबलचं. तिन्ही केबल बोर्डवर थेट सोल्डर केलेल्या आणि वरून घट्ट गोंद. अनेकांच्या हातून ओढल्या-वळवल्या जाणाऱ्या उपकरणात सगळ्यात आधी झिजणार ती केबल, हे रचना करणाऱ्यांना माहीत असणारच. तरी ती बदलण्याची सोय नाही. काढलेल्या सेलची क्षमता मी हॉबी चार्जरवर १ अँपिअरने मोजली. ४४०० एमएएचच्या जवळपास भरली. म्हणजे एवढा चांगला सेल, धडधाकट बोर्ड आणि दोन शाबूत केबल हे सगळं एका तुटलेल्या तारेपायी भंगारात निघालं होतं. केबलच्या टोकाला छोटा कनेक्टर आणि कवचाला चार स्क्रू असते तर ती तार बदलून हीच पॉवर बँक पुन्हा खाचेत गेली असती. स्क्रू दिले की कुणीही उघडेल ही भीती खरी आहे, पण त्यासाठी वेगळ्या आकाराचे स्क्रू मिळतात.

फोडलेला सांधा पुन्हा पहिल्यासारखा जोडता येत नाही, म्हणून ही पॉवर बँक परत वापरात देण्याचा प्रश्नच नव्हता. बोर्ड अभ्यासासाठी ठेवला आहे. सेल साठवणीसाठी ३.८ व्होल्टवर आणला, दोन्ही टोकांना वेगवेगळी टेप लावली आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे ‘चांगला सेल, क्षमता मोजलेली’ अशी चिठ्ठी चिकटवून दिला.