कडेचं कोपर

रविवारी जेवणं उरकून पंख्याखाली आडवा झालो, तर कुठल्याशा चॅनेलवर 'धडाकेबाज' लागलेला. झोप गेलीच. आई म्हणाली, "अरे, शंभरदा पाहिलायस, पड की जरा." शंभरदा पाहिलाय हे खरं. पण अख्खा? एकदाही नाही.

१९९०चा हा पिक्चर म्हणजे मराठीतला पहिला सिनेमास्कोप. महेश कोठारेने हौसेने एवढा रुंद पडदा केला आणि आम्ही तो पाहिला कुठे, तर ठाण्यात चरईतल्या चाळीत, गणपतीत भाड्याने आणलेल्या टीव्ही-व्हीसीआरवर. एका रात्रीत तीन पिक्चर. मराठी आधी, कारण नंतर पोरं झोपतात आणि आज्या उठून जातात. त्या चौकोनी डब्यात सिनेमास्कोप मावायचा कसा? दोन्ही बाजू कापून. चित्राचा जवळजवळ ४० टक्के भाग गायब. कुणी बोलायचं, समोरून उत्तर यायचं आणि उत्तर देणारा दिसायचाच नाही. आम्हाला वाटायचं, पिक्चर असाच असतो.

पण बाटलीतला गंगाराम दिसायचा, कारण बाटली मधोमध असायची. वीतभर उंचीचा लक्ष्या आणि त्याच्याशी बोलणारा पुरुषभर लक्ष्या! दुसऱ्या दिवशी मी बाबांची खोकल्याच्या औषधाची बाटली मोरीत ओतली, पलीकडच्या बांधकामावरची मूठभर रेती तिच्यात भरली आणि जिन्याखाली बसून हाका मारत राहिलो. बाटली नीट धुतली नव्हती. रेती तळाशी लाल चिकट होऊन बसली, तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या. गंगाराम काही आला नाही. बाबांचा खोकला मात्र चांगला दसऱ्यापर्यंत टिकला.

महेशच्या पिक्चरांत बहुतेकदा महेशचं नाव महेश आणि लक्ष्याचं लक्ष्या. लक्षात ठेवायला सोपं. महेश 'डॅम इट' म्हणाला की आम्हीही म्हणायचो, अर्थ विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मी आजही लोकल सुटली की तेच म्हणतो.

पुढे या माणसाने १९९३ला 'झपाटलेला' काढून बाहुल्यांची अशी धास्ती घातली, की माझ्या बहिणीने तिची बाहुली कपाटात उलटी ठेवायला सुरुवात केली. मग 'माझा छकुला'त स्वतःचा मुलगाच आणला. छोट्या पडद्यावर 'जय मल्हार' केली, तेव्हा आई संध्याकाळी सातला कुणाचा फोन घेत नसे. वकिली करून आलेला माणूस, त्याला पुढची तारीख मागता येत असणारच. आदिनाथ मोठा होऊन स्वतः दिग्दर्शक झाला, 'पाणी' केला. 'धडाकेबाज'मधल्या कवट्या महाकाळच्या घोड्यांपासून नांदेडकडच्या दुष्काळापर्यंत, एका घरात बराच पल्ला झाला.

लक्ष्याचं मात्र असं 'पुढे' फार झालं नाही. हिंदीत गेला, तिथे त्याला बहुतेक वेळा नोकर नाहीतर हिरोचा दोस्त केलं. आमच्याकडे ज्याच्या नावावर हाऊसफुल्लची पाटी लागायची, तो तिकडे चहाचा ट्रे घेऊन यायचा. मला ते कधीच आवडलं नाही, अजून नाही आवडत.

तर परवा म्हटलं, आता टीव्ही भिंतभर आहे, आता कडा दिसतील. कसल्या! चॅनेलवाल्यांकडेही तीच कापलेली प्रत, वर ती ताणून रुंद केलेली. सगळी माणसं जाडी. एका प्रसंगात महेश बोलतोय आणि डाव्या कडेला कुणाचं तरी नुसतं कोपर हलतंय. ते लक्ष्याचंच, पैज लावतो. नक्की काहीतरी चाळे करत असणार तिकडे.

२००४च्या डिसेंबरात तो गेला तेव्हा पन्नाशीचा होता. मला पन्नाशीला दोन वर्षं आहेत.

आईने मध्येच टीव्ही बंद केला. मी तिला कोपराबद्दल सांगणार होतो, पण तिचा डोळा लागला होता.