वाक्वाची मंडळी आणि क्रिओल उत्सव

नोकरीनिमित्त मॉरिशसला होतो तेव्हा वाक्वा गावात राहायचो. शेजारीपाजारी बरीच मराठी कुटुंबं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मुंबई बंदरमार्गे उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे हे वंशज. गणपतीत आरत्या तोंडपाठ, ढोलकीवर रंगणारी झाकरी म्हणजे गाण्या-नाचाचा लोकप्रकार, आणि घरात बोलणं मात्र क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत. नोव्हेंबर सरत आला, क्रिओल उत्सवाचे दिवस जवळ आले, की ही मंडळी घरचं कार्य असल्यासारखी तयारीला लागायची. उत्सव त्यांचाही होताच.

माएबूरच्या खाडीत शिडाच्या होड्यांची शर्यत असायची. किनाऱ्यावर अख्खं गाव लोटायचं. कोळ्यांची पोरं आपापल्या होडीच्या नावाने ओरडून घसा बसवून घ्यायची. मागे खाण्याच्या टपऱ्या: गातो पिमां म्हणजे डाळीची मिरची घातलेली भजी, टोमॅटोचा रुगाय, ऑक्टोपसची करी आणि मोठ्या पातेल्यात ब्रेद सोंज. ब्रेद सोंज म्हणजे अळूच! पहिल्या वर्षी पातेल्यात डोकावल्यावर मी आनंदाने ओरडलोच. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अरे बाळा, हे तर आमच्याकडे रोजचं."

पण खरी रात्र ल मोर्नच्या बाजूची. समुद्राला लागून उभा हा उंच कडा. मळ्यांवरून पळालेले गुलाम इथे लपून राहत. गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई आले, ते पकडायलाच आले असं समजून काहींनी वरून उड्या टाकल्या, असं तिथली माणसं आजही सांगतात. गुलामगिरी 1835 साली संपली; 2008 साली ल मोर्न जागतिक वारसा यादीत गेला. तिथे सेगा, म्हणजे गुलामांपासून चालत आलेलं नाचगाणं, ऐकताना हे सगळं मनात असायचंच.

वाळूत जाळ पेटवलेला असायचा, तो रवान शेकायला. रवान म्हणजे बकऱ्याचं कातडं ताणून बसवलेलं डफासारखं मोठं वाद्य. एक म्हातारे वादक ती जाळापुढे धरून हळूहळू फिरवायचे, अंगठ्याने कातडं दाबून बघायचे, एक थाप मारायचे. आवाज बद्द आला की पुन्हा जाळापुढे. कोणी घाई केली तरी ते मान वर करत नसत. मग एकदाची थाप खणखणीत उमटायची आणि जमलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकच आरोळी निघायची. बिया भरलेली चपटी मारावान खुळखुळायला लागायची, ट्रँगल साथीला यायचा, आणि बाया घेरदार झगे सावरत, पाय वाळूवरून न उचलता घासत घासत नाचू लागायच्या. हा पारंपरिक सेगा युनेस्कोने 2014 साली आपल्या यादीत घेतला. मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांचं हे गाणं; पुढेही कितीतरी काळ प्रतिष्ठित घरांत त्याला नाकं मुरडली जात. तेच आता सगळ्यांच्या देखत, ताठ मानेने गायलं जात होतं. म्हणूनच उत्सवातल्या लाउडस्पीकरच्या मोठ्या जलशापेक्षा मला ही जाळाभोवतीची बैठक कितीतरी मोलाची वाटते.

भाषेचंही तसंच. 2012 पासून तिथल्या प्राथमिक शाळांत क्रिओल हा ऐच्छिक विषय झाला. मराठीही तसाच ऐच्छिक विषय. मावशींचा नातू मराठीच्या तासाला जायचा, त्याचा जिवलग मित्र क्रिओलच्या. उत्सवात तो मित्र क्रिओल कविता म्हणायला उभा राहिला, मधेच अडला, तेव्हा पुढची ओळ समोरून मावशींच्या नातवाने सांगितली. अख्खी कविता त्यालाही पाठ होती.

सेगात गाणारा आयत्या वेळी कडवी रचतो. एका वर्षी त्या म्हाताऱ्या वादकांनी आमच्या घोळक्याकडे बघून वाक्वाच्या मंडळींवरच कडवं रचलं: गणपतीचा मोदक खाता, आता सेगा नाचून दाखवा, अशा अर्थाचं. मंडळातला झाकरीवाला गप्प बसणारा नव्हता. गाडीतून ढोलकी काढून आणली आणि सवालाला जवाब तिथल्या तिथे, तोही क्रिओलमध्ये. रवान आणि ढोलकीचा ठेका जुळायला जरा वेळ लागला. जुळला तेव्हा मावशी चपला काढून वाळूत उतरल्या, आणि माझाही हात धरून मला ओढलं.