मामाची कॅसेट शोधत डर्बनपर्यंत

माझा मामा बोटीवर होता. कोकणातल्या माणसाला एवढं सांगितलं की पुढचं सगळं कळतं, सहा-आठ महिने घरात नाही आणि आला की मोठी बॅग उघडायची वेळ म्हणजे सगळ्या भाच्यांची दिवाळी. १९९४ च्या सुट्टीत तो आला तेव्हा त्या बॅगेतून एक कॅसेट निघाली, वर मोठ्ठ्या रंगीत अक्षरांत 'नाऊ', आणि खाली बारीक अक्षरांत बाकीचं, दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक. तोपर्यंत आमच्याकडे इंग्रजी गाणी म्हणजे बाजारपेठेतल्या कॅसेटवाल्याला यादी आणि कोरी कॅसेट द्यायची आणि आठवड्याने भरून मिळायची ती. ही कॅसेट मात्र कंपनीची, एकापाठोपाठ एक हिट गाणी, प्रत्येक मूळ गायकाच्याच आवाजात. चिपळूणच्या त्या घरात आम्ही ती इतकी वाजवली की कव्हरच्या घडीवरचा रंग उडाला.

२२ जुलै २०२१ च्या पुरात ती गेली. वाशिष्ठीचं पाणी घरात इतकं चढलं की कपाट, फ्रिज, गाद्या, फोटो सगळंच चिखलात गेलं, तिथे कॅसेटचं कोण काय बोलणार, पण दोन महिन्यांनी फोनवर मामा सहज म्हणाला, "बाय, ती डर्बनची कॅसेट पण गेली गो." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनची होती. मी इतकी वर्षं लंडनची समजत होते.

तिथून हे सगळं सुरू झालं.

कॅसेट कुठली होती ते शोधायला बसले तर लक्षात आलं की 'नाऊ' ही एक मालिका नाहीच, मूळ ब्रिटनची, पण अमेरिका, दक्षिण आफ्रिका, डेन्मार्क, जपान, पोर्तुगाल अशा कितीतरी देशांच्या स्वतःच्या आवृत्त्या निघाल्या. नाव तेच, पण आकडा प्रत्येक देशाचा आपापला आणि आतली गाणी त्या त्या देशात त्या वेळी जी वाजत होती ती. म्हणजे इंटरनेटवर ब्रिटिश यादी वाचून मी "हे गाणं नव्हतं आपल्या कॅसेटमध्ये" असं म्हणत होते ते बरोबरच होतं.

पुढच्या वर्षी ऑफिसच्या कामाने तीन आठवडे लंडनला होते. पहिल्या शनिवारी नॉटिंग हिल गेटला उतरून पोर्टोबेलो रोडला गेले, जुन्या वस्तूंचा बाजार शनिवारीच भरतो. तांब्याची भांडी, चमचे, जुने कॅमेरे, टिनाचे डबे, आणि माणसांची ही गर्दी. मला जायचं होतं व्हर्नन यार्डला. रस्त्यावरून आत वळणारा छोटासा चौक, येणारे-जाणारे बघतही नाहीत, पण व्हर्जिन रेकॉर्ड्सचं ऑफिस इथे होतं आणि 'नाऊ' इथे जन्मली.

ती गोष्ट मला फार आवडते म्हणून नीट सांगते. व्हर्जिनचा मालक रिचर्ड ब्रॅन्सन जवळच्याच वेस्टबोर्न ग्रोव्हवरच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सारखा जायचा, कारण तिथे जोन काम करायची, जिच्याशी त्याने नंतर लग्न केलं. सारखं सारखं नुसतंच कसं जाणार, म्हणून तो जुन्या जाहिरातींच्या पाट्या विकत घ्यायचा. त्यातली एक होती डॅनिश बेकनची, चित्रात कोंबडी गातेय आणि डुक्कर ऐकून म्हणतंय, नाऊ, दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक, म्हणजे हं, याला म्हणतात गाणं! ती त्याने त्याच्या दूरच्या नात्यातल्या भावाला, सायमन ड्रेपरला दिली. ड्रेपर व्हर्जिनमध्ये गाणी निवडायचा, सकाळी अंडी पोटात गेल्याशिवाय त्याचा मूड काही ठीक व्हायचा नाही असं म्हणतात, म्हणून ही भेट, आणि ती पाटी त्याच्या टेबलामागे लागली. १९८३ मध्ये व्हर्जिनच्याच स्टीफन नेविन आणि जॉन वेब्स्टर यांनी विचार मांडला की आपली हिट गाणी आपण के-टेल वगैरे बाहेरच्या कंपन्यांना कशाला देतो, त्या कंपन्या जास्त गाणी कोंबायला गाणी कापायच्यासुद्धा, त्यापेक्षा आपणच संग्रह काढू. मग ईएमआय या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीला सोबत घेतलं. नाव काय द्यायचं तर समोर भिंतीवर होतंच.

२८ नोव्हेंबर १९८३ ला पहिला भाग आला. दोन एलपी, ३० गाणी, त्यातली ११ ब्रिटनमध्ये नंबर एकला जाऊन आलेली, सुरुवात फिल कॉलिन्सने. डुक्कर सुरुवातीच्या काही भागांच्या कव्हरवरही आलं. नंतर वर्षाला तीन असा क्रम बसला तो आजपर्यंत, शंभरावा २०१८ च्या जुलैत आला, आता एकशेवीसच्या पुढे गेलेत. हे संग्रह इतके खपायचे की १९८९ पासून ब्रिटनमध्ये त्यांचा चार्टच वेगळा करावा लागला, नाहीतर एकेका गायकाच्या अल्बमला वर जागाच मिळेना.

आणि मला त्या यार्डात उभं असताना जी गोष्ट आठवून अंगावर काटा आला ती वेगळीच. तो सायमन ड्रेपर, ज्याच्या डोक्यामागे पाटी होती, तो दक्षिण आफ्रिकेतून लंडनला आलेला. म्हणजे मामाची कॅसेट जिथली, तिथलाच माणूस. नावाचा प्रवास इथून तिथे झाला आणि माणसाचा तिथून इथे.

परत येताना नॉटिंग हिल गेटवरच्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात गेले, तिथे किमतीच्या स्टिकरवर जुना आकडा खोडून नवा, तो खोडून अजून खालचा असं लिहिलेलं असतं, म्हणजे माल किती दिवस पडून आहे तेही कळतं. 'नाऊ'च्या सीड्यांचा एक अख्खा खण होता. ब्रिटिश सगळ्या जाड, दोन सीडी, चाळीसच्या वर गाणी. मध्येच एक अमेरिकन सापडली ती बारीक, एकच सीडी. अमेरिकेची मालिका सुरूच झाली १९९८ मध्ये, ब्रिटनच्या तब्बल पंधरा वर्षांनंतर. आणि एकच सीडी का, तर युरोपात गीतकार-संगीतकारांचा हक्काचा पैसा सीडीच्या किमतीच्या टक्क्यांत ठरतो आणि तो सगळ्या गाण्यांत वाटला जातो, त्यामुळे वीस गाणी घाला नाहीतर चाळीस, कंपनीला तेवढाच पडतो. अमेरिकेत दर गाण्यामागे ठरलेले सेंट मोजावे लागतात, गाणी वाढली की खर्च वाढला. मला हे कळल्यावर खूप बरं वाटलं, मी उगाच समजत होते की अमेरिकन लोकांनी कंजूषपणा केला.

कॅसेटबद्दल विचारलं तर काउंटरवरच्या मुलीने खाली तळघरात पाठवलं. ब्रिटनमध्ये 'नाऊ' २००६ पर्यंत कॅसेटवरही येत होती, त्यामुळे होत्या बऱ्याच, नव्वदीतल्या चार-पाच हातात घेऊन पाहिल्या, कव्हर ओळखीचं वाटतंय न वाटतंय, यादी वाचली की नाही. एक घेतली तरी, दोन पौंडांना, आठवण म्हणून.

त्याच मुक्कामात शनिवार-रविवार जोडून कोपनहेगनला मैत्रिणीकडे गेले. तिथे रेडक्रॉस वगैरे संस्थांची जुन्या सामानाची दुकानं असतात, गेनब्रूग म्हणतात, फार छान आणि स्वच्छ. तिथे डॅनिश 'नाऊ' होत्या, निम्मी नावं मला वाचताही येईनात, डॅनिशमध्ये गाणारे लोक आणि मध्येच एखादं जगभर वाजलेलं इंग्रजी गाणं. मैत्रिणीचा नवरा डॅनिश, तो एकेक नाव वाचून "हे आमच्या शाळेच्या सहलीत होतं" असं सांगत होता आणि त्याचा चेहरा अगदी आमच्यासारखा झालेला. त्याला मी डुकराच्या पाटीची गोष्ट सांगितली, त्याला माहीत नव्हती. मग त्याने सांगितलं की इंग्रजांच्या नाश्त्याचं बेकन इथून बोटीने जायचं, एस्बेर्ग बंदर १८६८ मध्ये मुळात इंग्लंडला माल पाठवायला म्हणूनच बांधायला घेतलं. बस, कोपनहेगन एवढंच. पाऊस होता दोन्ही दिवस.

मग डर्बन. तिकडे जायचं काही ठरलं नव्हतं, पण नवऱ्याची कॉन्फरन्स तिथल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये निघाली आणि मी एका सेकंदात म्हटलं मी येणार. मुंबई-दुबई-डर्बन. जायच्या आधी मामाला फोन केला तर तो म्हणाला, "माझ्या पहिल्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेत चालणार नाही असं होतं, माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. भारताने १९४६ पासूनच वर्णभेदाच्या विरोधात त्यांच्याशी व्यापार तोडला होता, संबंध पुन्हा जुळले ते १९९३ मध्ये, म्हणजे मामा डर्बनला उतरला तो अगदी पहिल्या काही महिन्यांत. जुनी खलाशी मंडळी बंदर लागलं तरी खाली उतरत नव्हती, तो उतरला, ग्रे स्ट्रीटला गेला, मटणाचा रस्सा भरलेला पाव खाल्ला आणि भाच्यांसाठी कॅसेट घेतली. त्याने सांगितलं त्याच क्रमाने मी केलं.

ग्रे स्ट्रीटचं नाव आता डॉ. युसुफ दादू स्ट्रीट आहे पण सगळे अजून ग्रे स्ट्रीटच म्हणतात. साड्यांची दुकानं, मसाल्याचे ढीग, मोठी मशीद. १८६० मध्ये मद्रासहून उसाच्या मळ्यांवर कामाला आणलेल्या लोकांची पहिली बोट इथे लागली, त्यांची पाचवी-सहावी पिढी आता इथे दुकानं चालवते. तो पाव म्हणजे बनी चाव, अर्धा किंवा पाव ब्रेड पोखरून आत रस्सा, हाताने खायचा. मी क्वार्टर मटण घेतलं, झणझणीत, डोळ्यात पाणी.

कॅसेटचं दुकान अर्थातच नव्हतं. दोन दिवस फिरले. तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या ड्रायव्हरने ग्लेनवूड भागात जुन्या सामानाच्या एका दुकानात नेलं, दुकानदार सत्तरीचे, तमिळ घरातले, सगळे त्यांना अंकल म्हणतात म्हणून मीही म्हटलं. मी कॅसेट विचारली तर त्यांनी आधी स्टूल दिलं आणि मग जे काही बोलायला लागले ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

ते म्हणाले आमच्या लहानपणी सरकारी रेडिओ आम्हाला हवं ते लावायचा नाही, म्हणून आम्ही शेजारच्या मोझांबिकमधून येणारा एलएम रेडिओ ऐकायचो. मी म्हटलं अंकल, आमच्याकडे आकाशवाणीने सिनेमाची गाणी बंद केली तेव्हा आमच्या आजी-आजोबांनी सिलोन लावलं! ते इतके हसले. एलएम १९७५ मध्ये बंद पडला. दुकानात मिळायचे ते स्प्रिंगबॉक हिट परेडचे एलपी, त्यात गाणी हिट असायची पण गाणारे स्थानिक, नकलेचे. आपल्याकडे टी-सिरीजच्या व्हर्जन कॅसेटी होत्या तसंच, लताबाईंचं गाणं म्हणून घ्यायचं आणि निघायचा भलताच आवाज. म्हणून 'नाऊ' तिथे ऐंशीच्या दशकात आली तेव्हा मूळ आवाजातली इतकी गाणी एकत्र मिळणं किती मोठं होतं ते मला आतून समजलं, चिपळूणला आम्हाला जे वाटलं तेच की.

पण यादी पूर्ण नसायची, ते म्हणाले. जगाने बहिष्कार टाकलेला, काही कलाकार आपली गाणी तिकडे जाऊच द्यायचे नाहीत, आणि इकडून सरकारी रेडिओच्या बंद्या, १९८५ मध्ये अमेरिकन गायक स्टीव्ही वंडरने आपलं ऑस्कर मंडेलांना अर्पण केलं तर सरकारी रेडिओवर त्याची गाणीच बंद. तेव्हा त्या वर्षांच्या संग्रहात कोण आहे यापेक्षा कोण नाही ते बघायचं असतं. हे ऐकल्यावर माझ्या मनातलं या कॅसेटचं वजनच बदललं. मी ती नुसती गाण्यांची यादी समजत होते.

मागच्या खोलीतून त्यांनी दोन पुठ्ठ्याचे खोके आणले. एलपी जास्त, कॅसेट थोड्या, कितीतरी मोडक्या. तासभर आम्ही दोघं धूळ झटकत बसलो. तीन 'नाऊ' निघाल्या, तिन्ही दक्षिण आफ्रिकेच्या. मी व्हिडिओ कॉल लावला आणि मामाला एकेक कव्हर दाखवलं. पहिलं बघून तो म्हणाला नाही. दुसरं बघून म्हणाला जरा जवळ धर. मग चष्मा शोधायला गेला, मामी मागून विचारतेय कोण आहे, तो परत आला आणि त्याने यादी वाचायला सांगितली. मी वाचायला लागले आणि चौथ्या गाण्याला तो तिकडून गुणगुणायला लागला, शब्द चुकीचे, चाल एकदम बरोबर, आणि माझ्या डोळ्यासमोर आमची ओसरी, पंखा, आणि आम्ही पाच भावंडं.

"ही ती नव्हे," तो म्हणाला, "आपल्या कॅसेटवर हे गाणं दुसऱ्या बाजूला होतं. पण आण ती."

अंकलनी पैसे घ्यायला नाही म्हटलं, मी बळेच पन्नास रँड ठेवले.

कॅसेट आता चिपळूणला आहे. मामाने पुरानंतर भंगारातून आणलेल्या एका टेपरेकॉर्डरचा बेल्ट बदलून घेतलाय, पहिली बाजू स्वच्छ वाजते, दुसरीवर तिसऱ्या गाण्याशी आवाज थोडा लहरतो. त्याचं म्हणणं आहे की टेप एकदा पूर्ण पुढे नेऊन मागे आणली की बसेल. गणपतीत गेले की बघू.